बी.एड., विशेष शिक्षण की शाळेबाहेरची वाट? तीन वर्षे शॅडो टीचर असलेल्या एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

बाणेरच्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तुम्ही गेली तीन वर्षे शॅडो टीचर म्हणून, म्हणजे विशेष गरजा असलेल्या एका मुलासोबत वर्गात बसणारी साहाय्यक म्हणून, काम करत आहात. तुमचे वय ३२ आहे, शिक्षण बी.एस्सी. संगणकशास्त्र आहे आणि त्याआधी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा अनुभव आहे. मूल झाल्यावर ती नोकरी सुटली आणि मुलाच्या शाळेच्या ओळखीतून हे काम मिळाले. आता दुसरीतल्या एका स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलासोबत तुम्ही दिवसभर वर्गात बसता. महिना पंधरा हजार मिळतात, तेही उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने सोडून. घरचे सांगतात की बी.एड. करून टाक, शाळेतली समुपदेशक सांगते की विशेष शिक्षणाकडे वळ, आणि तुमचे मन अधूनमधून पुन्हा संगणकाकडे ओढ घेते. पत्रातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: ‘मला मुले आवडतात, पण शाळा सहन होत नाही.’

मी पुण्यात आधी वर्गात शिकवले, नंतर मुख्याध्यापिका म्हणून काम पाहिले आणि आता शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे व निवडीच्या मुलाखतींचे काम करते. या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे. शिक्षकी पेशात राहायचे की नाही, असा प्रश्न स्वतःला विचारून तुम्हाला उत्तर मिळणार नाही, कारण या एका नावाखाली परस्परांहून फार वेगळी कामे मोडतात. मुलासोबतचा कोणत्या प्रकारचा एक तास तुम्हाला वर्षानुवर्षे करावासा वाटेल, हे आधी ठरवा आणि पदवी, परीक्षा, शाळा यांचा विचार त्यानंतर करा. उलट क्रमाने गेलेल्या अनेकजणी मी पाहिल्या आहेत. दोन वर्षे आणि बरेच पैसे खर्चून बी.एड. पूर्ण करतात, पहिल्याच वर्षी चाळीस मुलांसमोर उभ्या राहतात, आणि आपल्याला एकेका मुलाजवळ बसून काम करणे आवडत होते, समोर उभे राहून शिकवणे नव्हे, हे त्यांना तेव्हा उमगते.

तुमच्या आजच्या थकव्याकडे याच दृष्टीने पाहा. शॅडो टीचरचे पद मुळातच विचित्र जागी उभे आहे. पुण्यातल्या पुष्कळ शाळांत तिचे पैसे पालक देतात, हजेरी शाळा घेते, सूचना वर्गशिक्षिका देते आणि मुलाचे उद्दिष्ट बाहेरचा थेरपिस्ट ठरवतो. चौघांनाही तिने उत्तर द्यायचे असते, पण त्या मुलाने आज कोणता धडा कसा शिकावा हे ठरवण्याचा अधिकार तिला नसतो. वर्गशिक्षिकेच्या मनात हळूहळू ‘तो मुलगा तिचा’ असे पक्के होते. प्रश्नोत्तरांच्या फेरीत त्याचे नाव येत नाही, गटकार्यात त्याला गट मिळत नाही, आणि त्याने किंचाळून दंगा केला की सगळ्यांच्या नजरा मुलाऐवजी तुमच्याकडे वळतात. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे १९८१ चे नियम पाहिलेत, तर त्यांत या पदाचा उल्लेखच सापडत नाही. त्यामुळे रजा, वेतनवाढ, सुट्टीतले वेतन यांपैकी कशावरही बोट ठेवून काही मागता येत नाही. तुम्ही ज्याला ‘शाळा सहन होत नाही’ म्हणता, त्यातला फार मोठा भाग या जागेचा आहे, असे मला पत्र वाचताना वाटले. सगळाच तसा आहे की नाही, हे मात्र तुम्हालाच तपासावे लागेल.

हे तपासण्याची एक साधी पद्धत मी प्रशिक्षणार्थींना देते. पुढचे सहा-आठ आठवडे रोज शाळा सुटल्यावर दोन ओळी लिहा: आज कोणता वेळ पटकन सरला आणि कोणता सरता सरला नाही. ‘दिवस वाईट गेला’ असे मोघम न लिहिता नेमके काम लिहा. हातच्याची बेरीज ठोकळ्यांवर समजावताना वेळ गेला की मधल्या सुट्टीत त्याला इतर मुलांच्या खेळात शिरवताना? वर्गशिक्षिका रजेवर असताना तुम्ही सगळ्या वर्गाला गोष्ट सांगितलीत, तेव्हा अंगात उत्साह आला की घसा कोरडा पडला? वर्कशीट बनवताना, चित्रकार्डे कापताना, त्याच्या वर्तनाचा तक्ता भरताना मन लागले का? या नोंदींमधून एक ओढ दिसू लागते, आणि अनेकींच्या बाबतीत ती त्यांनी गृहीत धरलेल्या ओढीपेक्षा वेगळी असते. टेस्टिंगच्या कामात चूक नेमकी कोणत्या पायरीवर होते हे शोधायची तुम्हाला सवय होती. मुलाच्या चुकीचेही तसेच विश्लेषण करणारी व्यक्ती शाळांना क्वचितच मिळते, म्हणून ही गोष्ट नोंदीत कुठे उमटते आहे का, ते मुद्दाम पाहा.

या काळात आणखी दोन गोष्टी मागून घ्या. आठवड्यातून एकदा पाच-सहा मुलांच्या गटाला एखादा घटक शिकवण्याची परवानगी मागा, त्याचे टाचण स्वतः लिहा आणि एखाद्या अनुभवी बाईंना मागे बसून पाठ पाहायला सांगा. आणि एक संपूर्ण दिवस वेगळ्या प्रकारच्या शाळेत घालवा. महापालिकेची एखादी मराठी माध्यमाची शाळा पाहा, जिथे घरकामगार आणि बांधकाम मजुरांची मुले असतात आणि एकाच वर्गात वाचन येणारी व अक्षरे न ओळखणारी मुले शेजारी बसतात. किंवा गोखलेनगरच्या कामायनीसारखी, १९६४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था पाहा. आधी परवानगी घेऊन, नम्रपणे विचारले की अशा भेटीला बहुधा नकार मिळत नाही. तुम्ही आजवर एकच शाळा पाहिली आहे, आणि एका शाळेवरून सगळ्या पेशाविषयी मत बनवणे घाईचे ठरेल.

आता वाटांविषयी. इथे नियमांची माहिती नीट असणे अत्यावश्यक आहे, कारण ‘बी.एड. करून टाक’ या घरच्या सल्ल्यात नेमकी तिथेच चूक आहे.

तुमचे मन लहान मुलांत, म्हणजे पहिली ते पाचवीत रमत असेल, तर बी.एड. ही त्यासाठीची पात्रता नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्राथमिक वर्गांसाठी डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचे डी.एड. हीच योग्य पात्रता आहे; बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवणारी २०१८ ची अधिसूचना न्यायालयाने रद्द ठरवली. लहान मुलांना वाचायला, मोजायला शिकवणे हे वेगळे शास्त्र आहे आणि त्याचे प्रशिक्षण वेगळे असले पाहिजे, ही या निर्णयामागची भूमिका मला पूर्णपणे पटते. आपल्याकडे वरच्या वर्गाचा शिक्षक मोठा आणि बालवर्गाचा धाकटा अशी समजूत खोलवर रुजली आहे, आणि तिने प्राथमिक शिक्षणाचे अतोनात नुकसान केले आहे. पदवीनंतर पुन्हा पदविका करणे तुमच्या घरच्यांना कमीपणाचे वाटू शकेल. तरीही तुमचा कल तिकडे असेल, तर त्यांना हा निर्णय समजावून सांगा.

सहावी ते आठवीसाठी पदवीसोबत बी.एड. चालते, आणि नववी-दहावीसाठी ते लागतेच. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे आहे. त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि एकूण वीस आठवडे शाळेत छात्रसेवा करावी लागते. विज्ञान आणि गणित शिकवू शकणाऱ्या उमेदवारांची शाळांना नेहमीच चणचण असते, त्यामुळे या वाटेवर तुमच्या पदवीला चांगली किंमत आहे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी तुमचे पदवीचे विषय कोणत्या अध्यापन विषयासाठी ग्राह्य धरले जातात, याची महाविद्यालयाकडून लेखी खात्री करून घ्या. संगणकशास्त्राच्या पदवीधरांची अडचण नेमकी इथे होते, आणि ती दुसऱ्या वर्षी लक्षात येऊन काही उपयोग नसतो.

यापैकी कोणतीही वाट घेतलीत, तरी पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात ती पुण्याचीच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिला पेपर पहिली ते पाचवीचा, दुसरा सहावी ते आठवीचा. प्रत्येकी १५० गुण, आणि खुल्या प्रवर्गासाठी उत्तीर्णतेला साठ टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. एकदा उत्तीर्ण झाल्यावर हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य राहते. अनेक खासगी शाळा टीईटीविषयी विचारत नाहीत म्हणून ती लागत नाही, असा समज पुण्यात आजही आहे. तो चुकीचा आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे, त्यांना सेवेत राहण्यापुरती त्यातून सूट दिली, आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेले शिक्षक आज अभ्यासाला बसत आहेत आणि त्यांची व्यथा मी जवळून पाहते. तुम्ही सुरुवातीलाच परीक्षा देऊन मोकळ्या व्हा.

अनुदानित किंवा जिल्हा परिषद, महापालिकेच्या शाळेत कायम नोकरी हे ध्येय असेल, तर टीईटीनंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि तिच्या गुणांवर राज्याच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमधून निवड होते. ही चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या अखेरीस झाली, दुसऱ्यांदा २०२३ च्या सुरुवातीला आणि तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. पहिल्या दोहोंमधले अंतर बघा आणि या वाटेवर किती संयम लागतो, याचा अंदाज घ्या. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. २०२३ मध्ये वाढ होऊन ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झाले. त्यानंतर मात्र नियमित वेतनश्रेणी मिळते, जी प्राथमिक शिक्षकासाठी सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते आणि वर महागाई व घरभाडे भत्ता असतो. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, हेही हिशेबात धरा. आणि नेमणूक राज्यात कुठेही होऊ शकते; मुलाची शाळा, पतीची नोकरी आणि सासूबाईंचे औषधपाणी पुण्यात असताना चंद्रपूर किंवा नंदुरबारला जाण्याची तयारी आहे का, हे आज घरात बोलून घ्या. तयारी नसेल तर त्यात काही कमीपणा नाही, पण मग या परीक्षेच्या तयारीत वर्षे घालवू नका.

विशेष शिक्षणाची वाट मी थोडी विस्ताराने मांडते, कारण तुमच्या पत्रातली सगळी उदाहरणे तिकडेच बोट दाखवतात. तुम्ही लिहिले आहे की तो मुलगा आधी हात धरल्याशिवाय दप्तर उघडत नसे आणि आता नुसत्या नजरेच्या खुणेवर उघडतो. हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मदतीची पायरी अशी एकेक करून कमी करत नेणे हे या क्षेत्रातले सर्वांत कठीण कौशल्य आहे. अननुभवी साहाय्यक प्रेमापोटी मुलाचे सगळे स्वतः करते, आणि मूल तिच्यावाचून हलेनासे होते. मग पालकांनाही तीच हवी असते आणि मुलाचे स्वावलंबन मात्र तिथेच थांबते. स्वतःची गरज संपवण्याच्या दिशेने काम करता येणे, ही विशेष शिक्षकाची खरी ओळख आहे. तुम्ही ते प्रशिक्षणाविना, निरीक्षणातून साधले आहे.

पण प्रशिक्षण घ्यावे लागेलच. या क्षेत्राचे नियमन १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद करते. परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेतून विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. करून तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवल्याखेरीज कोणालाही विशेष शिक्षक म्हणून व्यवसाय करता येत नाही. बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता अशा शाखांपैकी एक निवडावी लागते. सहा महिन्यांचे, ऑनलाइन, आकर्षक नावाचे आणि महागडे प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुण्यात भरपूर आहेत. त्यांतून चांगले काही शिकायलाही मिळते, पण त्यांनी ही नोंदणी मिळत नाही. पैसे भरण्याआधी त्या विशिष्ट संस्थेला, त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षी मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. प्रवेश देणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

या क्षेत्रातली गरज खरी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने अक्षमतांचे २१ प्रकार मान्य केले आणि सर्वसमावेशक शिक्षण हा हक्क मानला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण दिले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना अशी पदे निश्चित करून भरण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात ही पदे कधी व किती भरली जातील, यावर मी तुम्हाला आशा लावणार नाही. परंतु पुण्यातल्या खासगी शाळांचे रिसोर्स रूम, थेरपी केंद्रे, विशेष शाळा आणि घरी येऊन शिकवणाऱ्या तज्ज्ञांना असलेली मागणी या आदेशांवर अवलंबून नाही. नोंदणीकृत विशेष शिक्षिकेला स्वतःचे काम स्वतः उभे करता येते, आणि वर्गशिक्षिकेच्या तुलनेत तिला हे स्वातंत्र्य नक्कीच जास्त असते.

या कामाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. प्रगती फार हळू होते. कधी कधी आजारपण किंवा वयात येण्याच्या काळात वर्षभराची कमाई महिन्यात पुसली जाते. चावे, ओरखडे, ओढलेले केस हे कामाचा भाग होतात. पालकांचे दुःख तुमच्यासमोर मोकळे होते आणि ते घरी घेऊन न जाण्याची शिस्त शिकावी लागते. तुमच्या नोंदींत अशा दिवसांनंतरही दुसऱ्या दिवशी जावेसे वाटले असेल, तर ही वाट तुमची आहे असे मी म्हणेन.

पैशांविषयी आपल्याकडे शिक्षिकांशी कोणी सरळ बोलत नाही. ‘हे पवित्र कार्य आहे’ आणि ‘घर सांभाळून करायला बाईला शाळाच बरी’ ही दोन वाक्ये पुण्यात इतकी रुळलेली आहेत की कमी पगार देणाऱ्याला त्यांचाच आधार मिळतो. ज्यांच्या नावाने आपण या कार्याचे पावित्र्य सांगतो, त्या सावित्रीबाईंनीही अहमदनगर आणि पुणे इथे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. १८४८ मध्ये भिडे वाड्यात सुरू झालेली शाळा नुसत्या भावनेवर उभी नव्हती. निष्ठा हवीच, पण ती प्रशिक्षणाच्या किंवा वेतनाच्या बदल्यात मागितली जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आणि शाळेची नोकरी अर्ध्या दिवसाची असते, हा समज तर वर्गशिक्षिका झाल्यावर पहिल्या महिन्यातच गळून पडतो. वह्या, निकालपत्रके, पीटीएम, स्नेहसंमेलन, ऑनलाइन माहिती भरणे, पालकांचे रात्री दहाचे व्हॉट्सॲप संदेश हे सगळे घड्याळाबाहेरच होते.

म्हणून पुढच्या नोकरीत, ती कोणतीही असो, नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नका. पदाचे नाव, वेतन, ते बारा महिने मिळणार की दहा, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि नोटीस कालावधी त्यात लिहिलेला असावा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. ग्रॅच्युइटीचा हक्क खासगी शाळांतील शिक्षकांनाही आहे. तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू मानला गेला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मान्यताप्राप्त खासगी शाळेत रिक्त कायम पदावर रीतसर नेमणूक झाली, तर सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्यानुसार (शिक्षणसेवक वगळता) दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ म्हणजे प्रोबेशन असते, आणि सेवेतून काढल्यास तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातला काही भाग रोखीने परत मागणाऱ्या शाळा आहेत, हे तुम्ही ऐकले असेलच. मुलाखतीत तसा सूर लागला, तर शाळेची इमारत कितीही देखणी असली तरी नकार द्या.

शरीराचाही विचार करा, कारण तो सहसा पन्नाशीला येऊन केला जातो. चाळीस मुलांना पुरेल असा आवाज रोज पाच-सहा तास लावल्याने स्वरयंत्रावर गाठी येणे, दिवसभर उभे राहून पायांच्या शिरा फुगणे, आणि वर्ग सोडता येत नाही म्हणून पाणीच कमी पिऊन मूत्रमार्गाचा संसर्ग होणे, या तिन्ही गोष्टी शिक्षिकांमध्ये मी सातत्याने पाहते. तुम्हाला आधीच घशाचा त्रास होतो असे लिहिले आहे. मोठ्या वर्गाचा निर्णय घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना आवाज दाखवा.

शाळेबाहेरच्या वाटेविषयी थोडक्यात सांगते. संगणकाकडे परत जाणे शक्य आहे, पण काही वर्षांच्या खंडानंतर टेस्टिंगमध्ये जुन्या जागी परतता येत नाही. आता ऑटोमेशनचे कौशल्य मागितले जाते आणि ते शिकायला चार-सहा महिने नेटाने द्यावे लागतील. ते करायची इच्छा असेल तर जरूर करा. परंतु नोंदींत तुमचे मन साहित्य तयार करण्यात, प्रयोग मांडण्यात रमलेले दिसले, तर शाळा आणि संगणक या दोहोंमधल्या किंवा शाळेबाहेर शिकवण्याच्या कामांकडेही पाहा. दिव्यांग मुलांसाठीचे ॲप आणि शैक्षणिक साहित्य तपासणाऱ्या कंपन्यांना वर्ग पाहिलेली टेस्टर हवी असते. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेसारख्या ठिकाणी आणि शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमासारख्या संस्थेत शिकवण्याचे काम परीक्षेच्या चौकटीबाहेर चालते. अशा जागा थोड्या असतात आणि पगार माफक असतो, पण आधी एखाद्या शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाऊन काम कसे आहे हे पाहता येते.

सगळे वाचून माझा कल कुठे आहे, हे तुम्ही विचारालच. नोंदींनी वेगळे काही दाखवले नाही, तर मी स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता या शाखेतून विशेष शिक्षणाचे बी.एड. करण्याचा सल्ला देईन. शॅडो टीचरचे काम याच स्वरूपात चौथ्या वर्षी चालू ठेवू नका, असे मात्र मी नोंदी न पाहताही सांगते. या पदावर वर्षे वाढली तरी अधिकार वाढत नाही, आणि तीन वर्षांनंतर त्यातून नवे शिकण्यासारखे फार थोडे उरते. दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च आणि बुडणारे उत्पन्न यांची बेरीज घरात सगळ्यांसमोर कागदावर मांडा. संध्याकाळी एखाद्या मुलाला घरी शिकवून त्यातला काही भाग भरून निघू शकतो. मात्र नोंदणी होईपर्यंत ‘विशेष शिक्षक’ असे नाव लावू नका.

नोकरी सोडायची ती सत्राच्या शेवटी सोडा आणि शाळेला व पालकांना निदान दोन महिने आधी सांगा. स्वमग्न मुलासाठी सोबतचा माणूस अचानक बदलणे फार मोठा धक्का असतो. शक्य असेल तर नवीन शिक्षिकेसोबत दोन-तीन आठवडे एकत्र काम करा आणि त्यात आपला वाटा दिवसागणिक कमी करत न्या. तिच्यासाठी एक सविस्तर टिपण लिहा: कोणत्या आवाजाने किंवा बदलाने तो बिथरतो, बिथरण्यापूर्वी कोणती खूण दिसते, कशाने शांत होतो, कोणते काम पूर्ण स्वतः करतो, कोणत्या कामाला तोंडी सूचना पुरते, कुठे खूण करावी लागते आणि कुठे अजून हात धरावा लागतो. हे टिपण आधी पालकांना दाखवा आणि त्यांच्या संमतीनेच पुढे द्या. मुलाचे व शाळेचे नाव आणि ओळख पटेल असा प्रत्येक तपशील काढून त्याची एक प्रत, पालकांची परवानगी असेल तर, स्वतःजवळ ठेवा; विशेष शिक्षणाच्या प्रवेशाच्या वा नोकरीच्या मुलाखतीत तुमच्या तीन वर्षांच्या कामाचा याहून चांगला पुरावा दुसरा नसेल.